पाणी हुंडीला की आळ्याला?

दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये आम्ही सोसायटीतल्या आतल्या रस्त्याच्या कडेनं बावीस झाडं लावली. ताम्हण, बहावा, करंज आणि एक बकुळ. सगळी आठ-दहा फुटी, नर्सरीतून टेम्पोनं आणलेली. पुढच्या जूनपर्यंत त्यांतली तेरा वाळली. बाग समितीत या झाडांचा आग्रह माझाच होता. दीड-दोन फुटांची रोपं नकोत, उभी झाडंच आणू, असं मी बैठकीत बोलले होते. संध्याकाळी फेऱ्या मारणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना सावली पंधरा वर्षांनी मिळून काय उपयोग? त्या म्हाताऱ्या माणसांत माझी आई आहे, अठ्ठ्याहत्तर वर्षांची.

पाण्याची आमच्याकडे अडचण नाही. सोसायटीचं सांडपाणी शुद्ध होऊन बागेकडेच येतं. माळीकाका रोज सकाळी पाइप घेऊन सगळ्या झाडांना पाणी देत, उन्हाळ्यात दोनदा. तरी तेरा गेली.

मामा त्याच सुमारास आईला भेटायला आले. ते सांगोल्याकडचे, माणदेशातले. मुरमाड रानात चाळीस वर्षं डाळिंब केलेला माणूस. चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "चल, तुझी वाळल्याली झाडं दाव."

मृगाचा एक मोठा पाऊस येऊन गेला होता. रस्त्याकडेची काळी माती फुगून पायाला चिकटत होती. बकुळीपाशी येऊन मामांनी खोडाला हात लावला.

"मामा, रोज पाणी घातलंय. एक दिवस चुकवला नाही."

"म्हणूनच गेली असतील."

"मग जी नऊ जगली, ती कशावर जगली? त्यांनाही रोजच पाणी होतं."

"ते मागनं बघू. आधी कुदळ आण."

मला वाटलं होतं, वर्षभरात मुळं चांगली खोल गेली असतील, झाड निघता निघणार नाही. मामांनी बाजूनं वीतभर उकरलं, खोड दोन्ही हातांनी धरून हलवलं, आणि अख्खं झाड वर आलं, कुंडीतनं काढावं तसं. खाली मुळांभोवतीचा मातीचा गोळा, म्हणजे हुंडी, जशीच्या तशी होती. लाल मातीची, तळाशी सपाट, नर्सरीच्या पिशवीच्या मापाची. पिशवी लावतानाच काढली होती, ते मी स्वतः पाहिलं होतं. पण मुळं अजून पिशवीतच असल्यासारखी हुंडीच्या कडेनं गोल फिरत राहिली होती. करंगळीएवढं एक मूळ खोडाभोवती दीड वेढा घालून बसलं होतं. बाहेरच्या काळ्या मातीत म्हणावं असं एकही मूळ शिरलं नव्हतं.

मामांनी खड्ड्यातली काळी माती मुठीत घेतली आणि माझ्या नाकापुढं धरली. गटारातल्या गाळासारखा वास. मग कुदळीच्या तुंब्यानं त्यांनी हुंडी फोडली. आत माती कोरडी ठणठणीत होती. ढेकूळ चुरगाळलं तर विटेच्या भुकटीसारखं बोटांतनं गळून गेलं.

"ह्ये बघ. भवतीनं चिखल आणि आत दुष्काळ."

त्या ढेकळाकडे बघताना मला जे वाईट वाटलं ते अजून जात नाही. वर्षभर आम्ही रोज पाणी घातलं आणि झाड तहानेनं मेलं.

यामागचं कारण मी वाचलेलं होतं. ते या बकुळीला लागू आहे, हे मात्र तेव्हा समजलं. काळ्या मातीची छिद्रं अतिशय बारीक. ती पाणी घट्ट धरून ठेवतात. नर्सरीतली हुंडी सैल, भुसभुशीत, कधी नुसत्या कोकोपीटची. बारीक छिद्रांतलं पाणी मोठ्या छिद्रांत सहजी जात नाही. उलट बाहेरची काळी माती हुंडीतलं पाणी ओढून घेते. लावल्यानंतरचे पहिले काही महिने झाडाची सगळी मुळं त्या हुंडीतच असतात. पानं जेवढं पाणी उडवतात तेवढं सगळं त्या बादलीभर मातीतनंच यावं लागतं. पाइपचं पाणी मात्र वेगानं पडून बाहेरच्या मोठ्या आळ्यात पसरतं, तिथं साचतं, आणि हुंडीवर जेमतेम ओल धरते.

मी हे सांगितलं तेव्हा मामांनी मान हलवली, पण त्यांचं म्हणणं वेगळं होतं.

"तू सांगतीस ते बराबर असंल. पण तुमी पाण्याचा इचार करताय, मुळाचा करतच न्हाई. मुळाला पाणी लागतं तसा वाराबी लागतो. रोज पाणी घातलं की काळ्या रानात वारा शिरायचा कुठनं? मूळ हुंडीतनं बाहेर डोकावलं असंल, चिखल बघून माघारी फिरलं. वाफसा आल्याबिगर आमी रानात पाय ठेवत न्हाई, आन तुमी झाडाला वाफसा येऊच देत न्हाई."

वाफसा हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले. पेरणीचा शब्द, औताचा शब्द. मातीत ओल आहे आणि हवाही आहे, मूठ वळली तर लाडू होतो आणि वरून टाकला तर फुटतो, ती अवस्था. शहरात झाडं लावताना मी तो एकदाही उच्चारला नव्हता.

मामांनी मग खोडाच्या बुडाला अंगठ्याचं नख लावलं. साल काळी पडून मऊ झाली होती, ओल्या कागदासारखी निघून आली. जमिनीच्या वर खोड सरळ, खांबासारखं होतं. ते पायासारखं पसरायला सुरुवात होते ती जागा सहा-सात इंच मातीखाली गेली होती.

"कुणी पुरलं ह्याला इतकं खाली?"

"मुद्दाम नाही कुणी. तीन बाय तीन बाय तीनचा खड्डा घेतला, तळात शेणखत आणि पोयटा भरला, त्यावर झाड ठेवलं. तेव्हा बरोबर मातीला मिळून होतं."

"पाणी पडलं, भर बसली, झाड बी खाली बसलं. खड्डा खोल कशापायी? रुंद घ्यायचा. हुंडीच्या दुप्पट-तिप्पट रुंद, आणि खोली हुंडीएवढीच. हुंडी बसती ती जागा कडक पायजे, न उकरल्याली."

"पण मामा, तुम्हीच मुरमात डाळिंबाला दोन-दोन फूट खड्डे घेता."

"मुरमात घ्येतो. तितं पाणी खाली पळतं. हितं काळ्या मातीत खड्डा म्हंजे रांजण. यंत्रानं घ्येतला असला तर कडा लिंपल्यावाणी गुळगुळीत. ना पाणी बाहेर जाणार, ना मूळ. कडा कुदळीनं खरवडायच्या असत्यात."

इथवर आमचं भांडण नव्हतं. भांडण सुरू झालं ते पुढं काय लावायचं यावरून, आणि ते दोन दिवस चाललं.

मामांचं मत स्वच्छ होतं. रोप दोन फुटांचं, या पावसाळ्यातलं ताजं, मुळं पिशवीत गुंडाळली जायच्या आत लावलेलं. "मोठं झाड आणलं की त्याची दोन-तीन वर्सं नुसती मुळं भरून काढण्यात जात्यात. जितकं खोड जाड, तितकं त्याला लागायला जास्त वेळ. तोवर लहान रोप त्याला गाठतंय. आमच्या मोरीच्या पाण्यावरचा लिंब इचार तुझ्या आईला. बहात्तरचा दुष्काळ पडला तवा गुडघ्याएवढा व्हता. हिरीनं तळ गाठल्याला, पण आंघोळीचं तांब्या-दोन तांबे पाणी मोरीतनं त्याला जायाचं, तेवढ्यावर तगला. आज त्याच्या बुडाला कवळ बसत न्हाई."

"तो तुमच्या अंगणात होता. मामा, इथं दोन फुटी रोपाचं काय होतं ते मी पाहिलंय. गाडी मागं घेताना चाक जातं. मुलांचा चेंडू बसतो. गवत कापायच्या यंत्राची दोरी बुंध्याची साल सोलून काढते आणि महिन्याभरात रोप वाळतं. रोप उंच असलं की लोकांना दिसतं, म्हणून टिकतं."

"मग कुंपण घाल."

"घातली होती. लोखंडी जाळ्या. त्या काढायच्या राहिल्या आणि तार खोडात रुतली."

जाळी असो, आधाराची काठी असो, लावताना सगळे असतात आणि सोडवताना कुणी नसतं. काठीला खोड आवळून बांधलं तर ते वाऱ्यानं हलत नाही, आणि हलल्याशिवाय खोड जाड होत नाही. सुतळी आठाच्या आकड्यासारखी, सैल बांधायची आणि वर्षानं सोडायची. काम एवढंच आहे, पण वर्षानंतरची तारीख कुणाच्याच वहीत नसते. राज्यातल्या मोठ्या मोहिमा आपण पाहिल्या: 2016 च्या 1 जुलैला दोन कोटी, मग 2017 मध्ये चार, 2018 मध्ये तेरा आणि 2019 मध्ये तेहतीस कोटी रोपांचं लक्ष्य. मी त्यांतल्या दोन वर्षी टेकडीवर गेले होते आणि आनंदानं गेले होते. पण माझ्या हातून लागलेल्या रोपांना तिसऱ्या उन्हाळ्यात कोण पाणी देणार, हे मी तेव्हा विचारलं नाही. ते विचारायला हवं होतं.

पाण्यावरून मात्र मामांशी माझं शेवटपर्यंत पटलं नाही. रोजचं पाणी हा लाड आहे, असं ते धरून होते.

"आठ दिसांनी एकदा, पण भरपूर. लाडावल्यालं झाड मुळं वरच ठेवतं. वरच पाणी मिळतंय तर ते खाली कशाला जाईल?"

"लागलेल्या झाडासाठी मला हे मान्य आहे. पण नव्या झाडाला खाली जायला मुळंच नाहीत. त्याला आठ दिवस ठेवलंत तर हुंडी वीट होते. पहिले दोन आठवडे रोज, मग तीन महिने होईपर्यंत दोन-तीन दिवसांनी, मग आठवड्यानं. दर वेळी खोडाच्या जाडीच्या एका इंचाला आठ-दहा लिटर, आणि तेही हुंडीवरच, सावकाश."

"ह्यो आकडा मातीला कुणी सांगितला? काळी असली तर येगळं, मुरूम असला तर येगळं. आभाळ भरून आलं तर?"

"आकडा सुरुवातीला लागतो, मामा. माळीकाकांना मी 'वाफसा बघून घाला' म्हटलं तर ते रोजच घालतील."

"आन पावसाळ्यात? पावसाळ्यात आमी झाडाला पाणी घालत न्हाई."

"तुमच्याकडचा पाऊस पडतो तेव्हा धो धो पडतो. इथं जुलैमध्ये दिवसभर भुरभुर असते. रस्ता ओला, छत्री ओली, आणि हुंडीत बोट घातलं तर वरचा इंचभरच भिजलेला. मग ऑगस्टमध्ये उघडीप येते, आणि पावसाळा आहे म्हणून सगळ्यांनी पाइप गुंडाळून ठेवलेला असतो. आमची पाच झाडं त्याच पंधरा दिवसांत गेली."

मामा काही बोलले नाहीत. खिशातून चष्मा काढून रस्त्याच्या कडेचे सिमेंटचे ठोकळे बघत उभे राहिले. ठोकळे खोडाला टेकवून बसवले होते. 2013 मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं दिल्लीतल्या झाडांभोवतीचं मीटरभर अंतरातलं काँक्रीट काढायला सांगितलं, तेव्हा ती बातमी मी कापून ठेवली होती. आमच्या सोसायटीत ती कुणाला दाखवली नव्हती. त्या दिवशी मामांनी आणि माळीकाकांनी मिळून जिवंत असलेल्या नऊ झाडांभोवतीचे ठोकळे उचकटले. खालची माती दगडासारखी झाली होती.

हा वाद आईनं सोडवला, तोही सहज, गवार मोडता मोडता.

मी म्हणत होते, "सावली आईला हवी आहे. तिच्याकडं पंधरा वर्षं नाहीत."

आई म्हणाली, "मी फिरते सहा वाजता. तेव्हा ऊन कुठलं? मला सावली नको होती ग. मला बकूळ हवी होती. फुलं वेचायला. तीच गेली."

मामांनी बहिणीकडं पाहिलं. बकूळ मुळात सावकाश वाढणारी. दोन फुटी रोपाला फुलं यायला कितीतरी वर्षं जातात, हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं. थोड्या वेळानं ते मला म्हणाले, "बकूळ मोठी आण. बाकी बारा माझ्या म्हणण्यापरमाणं."

नर्सरीत मामांनी सात बकुळी पाहिल्या. माझी नजर शेंड्याकडे आणि ते मात्र प्रत्येकीच्या बुडाशी बसलेले. वरची माती बोटांनी बाजूला करून खोड पसरतं कुठं, ते बघत होते. एकीची मुळं पिशवी फोडून जमिनीत गेली होती, ती घेतली तर उपटतानाच निम्मी तुटली असती. शेवटी त्यांनी सगळ्यांत उंच नसलेली, सहा फुटांची, खोड हलवलं तर हुंडीसकट हलणारी बकूळ निवडली. खोड हुंडीतच डुगडुगत असेल तर मुळांनी माती धरलेली नाही असं समजायचं.

लावताना त्यांनी विळा मागितला. पिशवी कापून काढली आणि हुंडीच्या बाजूंना वरून खाली चार चिरा घेतल्या, बोटाच्या पेराएवढ्या खोल. तळाशी मुळांचं जे भेंडोळं होतं ते भाकरीएवढं कापून टाकलं. माझ्या पोटात कालवलं.

"मुळं कापताय?"

"गोल फिरणारं मूळ पुढं खोडाला फास लावतं. आत्ता कापलं तर तितनंच चार फुटत्यात, सरळ बाहेर जाणारी."

खड्डा रुंद आणि उथळ. हुंडीचा माथा जमिनीपेक्षा दोन बोटं वर राहील असा. भरायला तीच खड्ड्यातली काळी माती, ढेकळं फोडून. शेणखत आत नाही, वर पातळ थर. पायानं तुडवायचं नाही, पाण्यानं बसू द्यायचं. मग आळं करायला मी बसले आणि मामांनी मला थांबवलं. त्यांनी आणि मी दोन दिवस जे भांडलो होतो ते तिथं मातीत उतरलं: त्यांनी दोन आळी केली. एक आतलं, हुंडीच्याच घेराचं, चार बोटं उंचीच्या वरंब्याचं. दुसरं बाहेरचं, खड्ड्याच्या काठाचं.

"आतल्यात तुझ्या आकड्यानं घाल. बाहेरच्यात माझ्या वाफशानं. दिवाळीपातूर आतलं मोडायचं. फुडल्या वर्षी बाहेरचं हातभर सरकवायचं."

मोठा पाऊस आला तर बाहेरच्या आळ्याला उताराच्या बाजूनं तोंड पाडायचं, नाहीतर काळ्या मातीत पाणी तुंबतं. वर वाळक्या पाल्याचा चार बोटं थर, खोडापासून वीतभर लांब ठेवून. खोडाला पाला टेकला की ओल धरून साल कुजते, आणि वाळवीलाही वाट मिळते.

बारा लहान रोपांशेजारी मामांनी मडकी पुरली, कच्च्या भाजणीची, गळ्यापर्यंत. वर झाकणी. मडक्यातून पाणी झिरपतं ते माती जेवढं ओढेल तेवढंच. माती ओली असली की झिरपणं आपोआप मंदावतं. ही युक्ती दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका चिनी शेतीग्रंथात लिहिलेली आहे, हे मी मामांना सांगितलं. त्यांना ती त्यांच्या आजोबांकडून मिळाली होती. माळीकाकांना आता रोज पाइप धरावा लागत नाही. तीन-चार दिवसांनी मडकी भरली की झालं.

बकुळीला मात्र मडकं पुरणार नाही. तिच्यासाठी रंगाची रिकामी वीस लिटरची बादली आहे, तळाजवळ खिळ्यानं एक भोक पाडलेली. ती आतल्या आळ्यावर, भोक खोडाकडे करून ठेवायची.

गेल्या ऑगस्टमध्ये अकरा दिवसांची उघडीप पडली. नवव्या दिवशी मामांचा फोन आला. त्यांच्याकडं तर पाऊस कधीचाच गेला होता, पण विचारलं आधी बकुळीचं.

"बाहेरच्या आळ्यात बघितलंस?"

"बघितलं. मूठ वळते, लाडू फुटतो."

"मग तितं न्हाई घालायचं. आन आत?"

आत कसं आहे ते बघायचं काम आईनं स्वतःकडं घेतलेलं आहे. तिची लोकरीच्या विणकामाची लांब सुई ती हुंडीत उभी खुपसते, दहा आकडे मोजते आणि हळूच बाहेर काढते. सुईला माती चिकटून आली तर ओल आहे. त्या दिवशी सुई स्वच्छ निघाली. आईनं ती पदराला पुसली आणि मला हाक मारली.

मी बादली भरून आणली. खिळ्याच्या भोकातून वीस लिटर पाणी उतरायला पाऊण तास लागतो. आई खुर्ची ओढून बकुळीशेजारी बसली, आणि फोनवर भावाला सांगू लागली की वरून तिसऱ्या फांदीला दोन नवी पानं आली आहेत, अजून तांबूस आहेत, उलगडली नाहीत.